बेटावरच्या देशासाठी कर्ज आखताना आधी माणसे मोजावीत

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नळपाणी योजना राबवलेल्या अभियंत्याकडे किंवा हिशेबनीसाकडे एखाद्या लहान द्वीपराष्ट्राच्या विकासकर्जाचा आराखडा करण्याचे काम आले, तर त्याने स्वतःला अगदीच नवखे समजू नये. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या त्याने पाहिलेल्या असतात. योजना कित्येकदा पैशाअभावी नव्हे, तर पंप चालवणारा मुंबईला निघून गेल्यामुळे बंद पडते, हेही त्याला ठाऊक असते. पुढे उदाहरण म्हणून प्रशांत महासागरातला तुवालू हा देश घेतला आहे. त्याची बेटे ९, जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर, वस्ती ११ हजारांच्या आसपास आणि चलन ऑस्ट्रेलियन डॉलर.

गरजांची यादी नंतर करावी; प्रथम त्या देशाच्या अर्थखात्यात, सार्वजनिक बांधकामात आणि लेखापरीक्षणात प्रत्यक्ष किती माणसे बसतात ते लिहून काढावे. एवढ्या लहान देशात आशियाई विकास बँकेला, जागतिक बँकेला आणि हवामानबदलाच्या कामांना पैसे देणाऱ्या हरित हवामान निधीला उत्तरे देणारे अधिकारी बहुधा तेच ते असतात, आणि प्रत्येक संस्थेचे खरेदीचे नियम व अहवालाचे नमुने वेगळे असतात. म्हणून नवा प्रकल्पकक्ष, म्हणजे प्रकल्पाचा कारभार पाहणारे कार्यालय, उभारण्याऐवजी आधीच्या प्रकल्पाचा कक्ष वापरता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

त्यानंतर कर्ज घ्यावे की नाही, हा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या ऋणक्षमतेच्या मूल्यांकनात कर्ज न फेडता येण्याचा धोका जास्त ठरला, तर सवलतीच्या निधीतून मिळणारी मदत सामान्यतः अनुदानाच्या रूपात येते. धोका मध्यम असेल तर काही अनुदान व काही कर्ज किंवा जास्त सवलतीचे कर्ज, आणि कमी असेल तर कर्ज, अशी ढोबळ रीत आहे. तुवालूचा धोका जास्त मानला गेल्याने त्याला मुख्यतः अनुदान मिळते. तेव्हा हे मूल्यांकन वाचल्याशिवाय कर्जाचा मसुदा लिहायला घेऊ नये.

कर्जच घ्यायचे ठरले, तर हप्ता मांडून पाहावा. ३२ वर्षांची मुदत, पहिली ८ वर्षे मुद्दल न फेडण्याची सवलत, त्या काळात १ टक्का व नंतर दीड टक्का व्याज, या आशियाई विकास बँकेच्या परिचित अटी आहेत. १ कोटी डॉलरच्या कर्जावर, रक्कम पूर्ण उचलली असे धरले, तर सवलतीच्या काळात वर्षाला १ लाख डॉलर जातात. नवव्या वर्षी मात्र मुद्दलाचे सुमारे ४ लाख १७ हजार आणि व्याजाचे दीड लाख, म्हणजे एकूण ५ लाख ६७ हजार द्यावे लागतात. ११ हजार वस्तीत हे डोईमागे ५० डॉलरहून अधिक झाले. सही करणारे मंत्री नवव्या वर्षी बहुधा पदावर नसतात, म्हणून हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असावा. कर्जाचे चलनही तपासावे. तुवालूला मासेमारी परवान्यांचे पैसे अमेरिकन डॉलरमध्ये मिळतात, पण पगार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये द्यावे लागतात. १९८७ साली स्थापन झालेल्या तुवालू विश्वस्त निधीचे, म्हणजे देशासाठी गुंतवून ठेवलेल्या रकमेचे, उत्पन्न तुटीच्या वर्षी अर्थसंकल्पाला आधार देते; त्याच उत्पन्नावर कर्जाचा हप्ताही टाकला, तर अवर्षणाच्या वर्षी हाती काही उरत नाही.

आता प्रकल्पाकडे वळावे. २०११ साली तुवालूत पाऊस न आल्याने आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण तिथे पिण्याचे पाणी मुख्यतः छपरावरून टाक्यांत साठवतात. पागोळीचे पाणी पिंपात धरणाऱ्या कोकणी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. खारे पाणी गोडे करणारे संयंत्र हा सोपा उपाय दिसतो, परंतु त्याला वीज, मीठ गाळणारे पडदे आणि जाणता माणूस सतत लागतो. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेतील अशा संयंत्राला आग लागली, तेव्हा लाखाहून अधिक लोकांचे पाणी तुटले आणि भारताने विमानांनी व जहाजांनी पाणी पोहोचवले. म्हणून एका मोठ्या संयंत्राऐवजी दोन लहान घ्यावीत, आणि सुटे भाग फिजीहून बोटीने येईपर्यंतचा काळ गृहीत धरून साठा ठेवावा.

तांत्रिक साहाय्य दोन प्रकारचे असते: प्रकल्पाची तयारी करून देणारे आणि माणसे तयार करणारे. पहिले सहज मिळते आणि जाडजूड अहवाल देऊन संपते. दुसऱ्यासाठी आग्रह धरावा लागतो. माझ्या मते दुसऱ्याचा करार कर्जाच्या करारापूर्वी किमान एक वर्ष व्हावा. प्रत्येक परदेशी सल्लागारासोबत एक स्थानिक माणूस नावानिशी जोडावा, आणि तो प्रशिक्षणाला गेला तर त्याच्या जागी कोण बसणार हेही लिहावे. भारताच्या, १९६४ पासून चालू असलेल्या तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमातून प्रशिक्षणाच्या जागा मिळू शकतात.

वादळाची तरतूद विसरू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडात विजेचे खांब कसे झोपवले, हे ज्यांनी पाहिले त्यांना ती वेगळी सांगावी लागणार नाही. आपत्ती आल्यास हप्ते काही काळ थांबवण्याचे कलम जागतिक बँकेने २०२३ साली लहान देशांसाठी जाहीर केले. ते करारात मागून घ्यावे.

शेवटची अडचण जमिनीची, आणि ती कोकणी माणसाला सर्वांत लवकर कळेल. तुवालूत जमीन कुटुंबांच्या मालकीची असते आणि सरकारला ती भाड्याने घ्यावी लागते. सामाईक सातबाऱ्यावरच्या हिस्सेदारांच्या सह्या गोळा करायला आपल्याकडे जितकी वर्षे जातात, तितकी तिथेही जाऊ शकतात. टाकीच्या आणि संयंत्राच्या जागेचे भाडेपट्टे हाती येईपर्यंत कर्जकरारावर सही होऊ देऊ नये, कारण सही झाली की वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना मुद्दलाच्या सवलतीच्या त्या ८ वर्षांतून वजा होतो.