जुनी विमान-मॉडेल्स नव्याने उभी करताना या चुका टाळा

कपाटात तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेलं विमानाचं किट (प्लास्टिकचे भाग जोडून मॉडेल बनवायचा संच) बहुतेक वेळा वाचवता येतं. कायमचं बिघडतं ते आपण हात घातल्यावर. पंख चुकीच्या थिनरमध्ये बुडवला जातो, कॅनॉपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) पांढरट धुकं धरतं, डिकल्स (पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं) पाण्यात पडताच त्यांचे तुकडे होतात. एक सवय लावून घेतली तर यातलं जवळजवळ सगळं टळतं: कुठलंही रसायन, गोंद किंवा हत्यार आधी स्प्रूच्या (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर नाहीतर मॉडेलच्या न दिसणाऱ्या जागी वापरून बघायचं. पुढे ज्या चुका सांगतोय, त्यांतल्या बहुतेक ही एक पायरी गाळल्यामुळे होतात.

किट किती जुनं आहे, हे खोक्यावरून ठरवणं

खोकं नवं आणि साचा जुना, असं सर्रास असतं. फ्रॉग कंपनी १९७०च्या दशकात बंद झाली, तिचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि तीच विमानं नोवो या नावाने पुन्हा बाजारात आली. साचा कधीचा, हे कळलं की पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो: उठावाच्या पॅनल लाइन (विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा), जाड कॅनॉपी आणि कॉकपिटच्या नावाखाली एक खुर्ची व एक पायलट.

प्लास्टिक कुठलं आहे, हेही बघा. बहुतेक किट पॉलिस्टायरीनची असतात, पण फ्रॉगने १९३६ मध्ये आणलेली पेंग्विन मालिका सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. हे प्लास्टिक वर्षांगणिक आपोआप वाकतं. असं दुर्मिळ किट हाती आलं तर खाली दिलेले पॉलिस्टायरीनचे उपाय त्यावर करू नका. माझं मत विचाराल तर ते जसं आहे तसं जपून ठेवा.

जुना रंग काढताना प्लास्टिकच वितळणं

अ‍ॅसिटोन आणि लॅकर थिनर रंगाबरोबर पॉलिस्टायरीनही खातात. अ‍ॅक्रिलिक रंगासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. जुना एनॅमल चिवट असेल तर कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर चालतो, मात्र हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून. भाग भिजू द्या, मऊ झालेला रंग टूथब्रशने काढा आणि पुन्हा भिजवा. एका बैठकीत सगळा रंग निघालाच पाहिजे असा हट्ट धरला की ब्रश जोरात चालतो आणि बारीक तपशील झिजतात. कॅनॉपी या आंघोळीत टाकू नका, पारदर्शक प्लास्टिकला अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात. क्रोमचा मुलामा घरगुती ब्लीचमध्ये निघतो, पण ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू तयार होतात.

रंग काढलाच पाहिजे असंही नाही. थर पातळ आणि एकसारखा असेल तर बारीक पेपरने हलकं घासून त्यावर प्रायमर मारता येतो. आणि मॉडेल घरातल्याच कुणी लहानपणी हाताने रंगवलेलं असेल तर ब्रशचे ते फराटे मी तसेच ठेवेन. तुटलेलं लँडिंग गिअर जोडून, धूळ काढून थांबेन.

सांधे पिळून उघडणं

ट्यूबमधल्या जाड गोंदाने जोडलेले जुने सांधे पुष्कळदा ठिसूळ झालेले असतात. मॉडेल पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग पातळ पातं सांध्यात घालून थोडं थोडं पुढे सरकवा. पंख धरून पिळलात तर सांध्याऐवजी शेजारचं प्लास्टिक तुटतं. पातळ लिक्विड सिमेंटने केलेला जोड मात्र असा सुटत नाही, कारण तिथे दोन्ही भाग विरघळून एक झालेले असतात. तो बारीक करवतीने रेषेवरूनच कापावा लागतो. करवतीने खाल्लेली जागा नंतर पातळ प्लास्टिक शीटने भरून काढायची.

वाकलेला पंख गरम पाण्यात धरून सरळ करता येतो. उकळतं पाणी थेट ओतू नका, पातळ कडा लगेच मुरडतात. पाणी हळूहळू गरम करा, पंख सरळ करा आणि त्याच स्थितीत धरून थंड पाण्यात घाला.

पॅनल लाइन कोरण्याचा अतिरेक

सगळ्यात जास्त चांगली किट मी याच टप्प्यावर वाया गेलेली पाहिली आहेत. उठावाच्या रेषा घासून त्या जागी खोल रेषा कोरायच्या, हे आता जणू बंधनकारक झालंय. आधी हिशेब करा. १/७२ प्रमाणात ०.३ मिलिमीटर रुंदीची रेषा खऱ्या विमानावर जवळपास २२ मिलिमीटरची फट होते. इतकी मोठी फट घेऊन कुठलंही लढाऊ विमान उडालेलं नाही.

शिवाय खऱ्या विमानावर रेषा सगळीकडे सारख्या नसतात. पी-५१ मस्टँगचंच बघा. हवेचा प्रवाह गुळगुळीत राहावा म्हणून तिच्या पंखांच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने भरून घासत आणि वर रुपेरी रंग देत. फ्युजलाजचा (विमानाच्या धडाचा) धातू मात्र बऱ्याचदा उघडाच असे. म्हणजे मस्टँगच्या पंखावर जितकी मेहनत करून रिव्हेट कोराल, तितकी ती खऱ्या विमानापासून लांब जाईल. कोरायला बसण्याआधी त्या विमानाचे जुने फोटो समोर ठेवा.

कोरायचंच असेल तर उठावाची रेषा आधी घासून टाकू नका, तीच तुमची पट्टी आहे. तिला चिकटून जाड लेबल टेप लावा आणि सुईचं स्क्रायबर अगदी हलक्या हाताने फिरवा. पहिले दोन-तीन हात नुसता मार्ग आखण्यासाठी. दाब दिलात की हत्यार घसरलंच. घसरलं तर ओरखड्यात पुट्टी भरू नका. ती प्लास्टिकपेक्षा मऊ असते, पुन्हा कोरताना कडेने भुगा होऊन निघते. तिथे सुपरग्लू भरा आणि तासाभरात घासून घ्या. रात्रभर ठेवलात तर सुपरग्लू प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग घासताना आजूबाजूला खड्डा पडतो आणि मधे उंचवटा राहतो.

पंखाच्या मुळाशी मोठी फट असेल तर पुट्टीचा जाड थर देण्याऐवजी प्लास्टिक शीटची पाचर बसवा. जाड थर वरून वाळलेला दिसला तरी आत आकसत राहतो आणि रंग दिल्यावर काही दिवसांनी तिथे खोलगट रेषा उमटते.

अपग्रेडचे भाग

वेगळं विकत मिळणारं रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकचं) कॉकपिट दुसऱ्या कंपनीच्या किटसाठी बनवलेलं असेल तर ते जुन्या, जाड भिंतीच्या फ्युजलाजमध्ये सहसा बसत नाही. आधी कोरडं बसवून बघा, मग भिंती आतून थोड्या थोड्या घासा. रेझिन ओलं करूनच घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. कॅनॉपी बंद आणि जाड राहणार असेल तर कागदी सीटबेल्ट आणि एक गनसाइट एवढं पुरेसं आहे, बाकीचं कुणाला दिसत नाही.

कॅनॉपी सुपरग्लूने चिकटवू नका. त्याची वाफ आतल्या बाजूला पांढरट थर होऊन बसते. कडेला पांढरा पीव्हीए गोंद लावा. ओरखडे असतील तर २००० नंबरच्या आणि त्याहून बारीक पेपरने ओलं घासून मग पॉलिश करा.

डिकल्स

पिवळी पडलेली शीट पारदर्शक झिप पिशवीत घालून, छापील बाजू उन्हाकडे करून खिडकीच्या काचेला चिकटवा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतर नको असलेलं एक डिकल कोमट पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर लिक्विड डिकल फिल्मचा किंवा ग्लॉस लॅकरचा पातळ थर द्या. आता सगळी शीट मिळून एकच फिल्म झालेली असते, म्हणून प्रत्येक चिन्ह कडेलगत कापून घ्यावं लागतं.

मॅट रंगावर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. आधी ग्लॉस कोट द्या. डाग पडलेच तर तिथे बारीक सुईने टोचून सॉफ्टनरचा (डिकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडा. सॉफ्टनर लागल्यावर डिकल सुरकुततं. या क्षणी भले भले घाबरून ब्रशने ते सपाट करायला जातात आणि लोण्यासारखी मऊ झालेली फिल्म फाटते. हात मागे घ्या. वाळताना ते आपोआप ताणलं जातं आणि रेषांमध्ये बसतं.

वजन आणि टायर

नाकाखाली चाक असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घालतात. फ्युजलाज बंद करण्याआधी सगळे भाग टेपने जोडून तोल बघा आणि वजन मुख्य चाकांच्या जितकं पुढे ठेवता येईल तितकं ठेवा. शिशाचे छर्रे पीव्हीए गोंदात कधीच बसवू नका. शिसं त्या गोंदात हळूहळू गंजतं, फुगतं आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा आतून फोडतं. जुन्या मॉडेलचं नाक विनाकारण उललेलं दिसलं तर आत हेच घडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी वरून पुट्टी भरून काही होत नाही. सांधा उघडा, सगळं शिसं काढा आणि त्याऐवजी पितळ किंवा स्टीलचे तुकडे इपॉक्सीने बसवा.

किटमधले मऊ व्हिनाइल टायर इतर भागांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यांतला प्लास्टिसायझर बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरीनची चाकं वितळवतो. चाकाची कड चिकट झालेली दिसली तर ते टायर टाकून द्या आणि रेझिनची चाकं लावा.