मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर मला काय उपयोगी पडलं

इंदूरला राहून पोह्यांवर शेव घालायची नाही, ही शिक्षाच. ऑपरेशननंतर ती भोगली. पण खरी कसोटी शौचाला जाण्याची. दुखेल म्हणून माणूस दाबून धरतो, मग खडा होतो आणि जखम पुन्हा चिरते. काही कडक वेदनाशामक गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होतं, तेव्हा गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना विचाराच.

मला तारलं ते टबाने. प्लास्टिकचा रुंद टब, सोसवेल इतकं कोमट पाणी, त्यात 10-15 मिनिटं बसायचं. दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचानंतर हमखास. पाण्यात जंतुनाशक घालू नका, नुसती आग होते. नंतर पुसायचं नाही, जुन्या मऊ सुती कपड्याने अलगद टिपायचं. रात्री इसबगोल, तो घेऊन पाणी कमी प्यालात तर उलट घट्ट होतं, म्हणून दिवसभर पाणी हवंच.

थोडं रक्त आणि चिकट स्राव सुरुवातीला येतोच. आठवडाभराने पुन्हा थोडं रक्त दिसलं. आई घाबरली, पण खपली सुटताना असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मात्र रक्ताच्या गाठी पडू लागल्या, रक्त थांबेना, ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे लेप सोडा आणि रात्र असली तरी रिक्षा करून हॉस्पिटल गाठा.