रोस्ट बांधताना या चुका टाळा: दोरा, गाठ आणि ताण

रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये अखंड भाजायचा मांसाचा मोठा तुकडा, दोऱ्याने बांधतात तो त्याची जाडी सगळीकडे सारखी व्हावी म्हणून. मांसाची जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे तुकड्याचं एक टोक ४ सेंटिमीटर आणि मधला भाग ८ सेंटिमीटर असेल, तर मधला भाग तयार होईपर्यंत ते टोक कोरडं ठक्क झालेलं असतं. दोऱ्याचे वेढे हा फरक मिटवतात, हाड काढून मोकळी झालेली रान (मांडीचा तुकडा) एकत्र धरतात आणि सारण भरलं असेल तर ते जागेवर ठेवतात. इतकं महत्त्वाचं काम बहुतेक लोक सगळ्यात शेवटी, ओव्हन तापल्यावर, हाताला लागेल त्या दोऱ्याने उरकतात. मग रोस्ट उलगडला की खापर ओव्हनवर फुटतं.

हाताला लागेल तो दोरा

दोरा शंभर टक्के सुती हवा, रंग न दिलेला, दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा. जवसाच्या धाग्याचा म्हणजे लिननचा असला तरी उत्तम. पॉलिप्रॉपिलीनची दोरी १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि रोस्टचा ओव्हन सहसा १८० ते २२० अंशांवर असतो, त्यामुळे तिचा विचारच सोडा. नायलॉन थोडा जास्त टिकतो, पण तापलेल्या भांड्याला किंवा ग्रिलच्या जाळीला टेकला की तोही मऊ पडतो. सुतळीचे तंतू मांसात सुटतात, आणि ती वळताना बहुतेकदा तेल वापरलेलं असतं. मेण लावलेला दोरा, रंगीत दोरा, रबरबँड, यातलं काहीही नको. शिवणाचा दोरा सुती असला तरी इतका बारीक असतो की मांस धरायच्याऐवजी कापतो.

रिळावर ‘सुती’ लिहिलंय पण खात्री नाही, अशा वेळी बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघा. शुद्ध सुताची मऊ राखाडी राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. टोकाला कडक मणी उरला तर त्यात कृत्रिम धागा आहे. तो दोरा स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

गाठ सरकवली, पण अडकवली नाही

ही चूक इतक्या वेळा दिसते की तिच्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं. नेहमीची दुहेरी गाठ मारणाऱ्यांची अडचण ठरलेली आहे: पहिला अर्धा भाग आवळला की दुसरा मारेपर्यंत तो सैल पडतो. मग कुणीतरी बोट ठेवायला लागतं, किंवा सैल वेढ्यावरच समाधान मानलं जातं. बुचर्स नॉट, म्हणजे खाटकाची गाठ, हा यावरचा उपाय आहे. ही सरकगाठ असल्यामुळे वेढा मांसावर हवा तेवढा आवळून घेता येतो आणि नंतर तिथेच पक्का करता येतो. पण लोक आवळण्यापर्यंतच शिकतात आणि पक्कं करणं गाळतात.

गाठ अशी मारायची. कापलेल्या दोऱ्याचा लांब भाग तुमच्या बाजूला ठेवा. दोऱ्याचं मोकळं टोक मांसाखालून पलीकडे सरकवा आणि वरून स्वतःकडे आणा. आता हातात दोन पदर आहेत: तुमच्या बाजूचा लांब पदर आणि मोकळा आखूड पदर. आखूड पदर लांब पदरावरून पलीकडे न्या आणि त्याच्या खालून परत आणा, म्हणजे लांब पदराभोवती एक फास तयार होईल. मग तेच टोक आखूड पदराच्याच मागच्या भागाभोवती एकदा पूर्ण फिरवा आणि त्या फासातून बाहेर काढा. टोक ओढून गाठ बसवा, इतकीच की लांब पदर तिच्यातून थोडं घासत सरकेल. गाठीचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसला पाहिजे. टोक मागच्या भागाभोवती पूर्ण न फिरवता थेट फासात घातलं तर साधी सरकगाठ होते; तीही आवळते, पण हात सोडला की लगेच मागे येते.

आता लांब पदर वरच्या दिशेने ओढा. आडवा ओढला तर गाठ मांसाच्या कडेला घसरते आणि वेढा तिरका बसतो. वेढा बसला की लांब पदराला बोटावर एक पीळ देऊन फास करा, तो आखूड टोकावरून घालून गाठीपर्यंत खाली आणा आणि दोन्ही पदर विरुद्ध दिशांना खेचा. हे गाठीचं कुलूप. यानंतरच कात्री चालवायची, आणि टोकं सेंटिमीटरभर ठेवायची. अगदी मुळाशी कापली तर गाठ सुटण्याची भीती असते आणि शिजल्यावर गडद सालीत ती सापडतही नाही.

कुलूप न लावलेली गाठ ओट्यावर नीट दिसते, म्हणूनच फसवते. ओव्हनमध्ये चरबी वितळून दोऱ्यात मुरते, आतलं मांस आकार बदलताना वेढ्यावर जोर देतं आणि तेलकट गाठ मिलिमीटर-मिलिमीटरने मागे सरकते. तासाभराने मधले दोन वेढे ढिले, त्यांच्यातून बाहेर आलेली कड करपलेली आणि एका बाजूला झुकलेला रोस्ट, असं दृश्य दिसलं तर कारण जवळपास नेहमी हेच असतं. मांसावर हात घालण्याआधी ही गाठ गुंडाळलेल्या टॉवेलवर वीस-पंचवीस वेळा मारून बघा. कच्च्या मांसाने निसरडे झालेले हात आणि अर्धवट आठवणारी गाठ, यातून चांगलं काही निघत नाही.

बुचर्स नॉट जमेपर्यंत एक प्रामाणिक पर्याय आहे. दुहेरी गाठीच्या पहिल्या अर्ध्या भागात टोक एकदाऐवजी दोनदा फिरवा. त्या घर्षणाने दुसरा भाग मारेपर्यंत ताण टिकतो. सर्जन टाके घालताना हीच गाठ वापरतात. मात्र ती नंतर जास्त आवळता येत नाही, म्हणून सारण भरलेल्या रोलला मी तरी ती सुचवणार नाही.

जितकं घट्ट तितकं चांगलं, हा गैरसमज

नवशिक्यांची उदाहरणं वेगवेगळी असतात, पण गोष्ट तीच असते. दोन किलोची हाड काढलेली रान उघडून सपाट केली, त्यावर पावाच्या चुऱ्याचं सारण अगदी कडेपर्यंत पसरलं, गुंडाळी केली. आता ती उलगडू नये म्हणून दोरा दोन्ही हातांनी ओढून आवळला, इतका की प्रत्येक वेढा सेंटिमीटरभर आत रुतला. कच्चं असताना ते मजबूत वाटतं. ओव्हनमध्ये पहिल्या अर्ध्या तासातच सारण दोन्ही टोकांतून बाहेर यायला लागतं, कारण पावाचा चुरा रस पिऊन फुगतो आणि त्याला आत जागाच नसते. वेढ्यांच्या मधले भाग फुगून वर येतात, ते आधी गडद होतात आणि शेवटी करपतात. रुतलेल्या खाचांमध्ये कोरडी हवा पोचत नाही, तिथे मांस फिकट आणि ओलं राहतं. बाहेरचा थर जिथे पातळ आहे तिथे दोरा त्याला चिरतो. कापताना प्रत्येक चकतीची कड फाटते आणि ताटात गोल चकतीऐवजी मांस वेगळं, सारण वेगळं येतं.

हे समजून घ्यायचं तर शिजताना मांसाचं काय होतं ते माहीत हवं. साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान स्नायूचे तंतू रुंदीने आकसतात. ६० च्या पुढे संयोजी ऊती (तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे पडदे) लांबीने आखडायला लागतात, तुकडा आखूड होतो आणि मध्यभागी जाड होऊ पाहतो. कच्चेपणीच पूर्ण ताणून ठेवलेल्या दोऱ्याला या दुसऱ्या टप्प्यात सैल होता येत नाही, आणि मग रस पिळून निघतो.

माझी मोजपट्टी बोटांची आहे. वेढा मांसाला सगळीकडे टेकलेला असावा, पृष्ठभाग किंचित दबलेला असावा, आणि करंगळीचं टोक जोर लावून दोऱ्याखाली जेमतेम शिरावं. सहज शिरलं तर सैल आहे. दोरा दिसेनासा होईल इतका रुतला असेल तर तो वेढा कापून नवा घाला. कुलूप लावलेली गाठ सैल करत बसण्यात वेळ जातो आणि दोऱ्याचे तंतू फुटतात.

सारणाचा थर सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि चारही कडांना दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. सारण थंड करूनच भरा. गुंडाळलेल्या मांसाचा बाहेरचा पृष्ठभाग आत जातो, त्याच्याबरोबर जंतूही आत जातात, म्हणून सारण भरलेल्या रोलचा गाभा ७४ अंशांपर्यंत पोचलाच पाहिजे, आणि ते थर्मामीटरने बघायचं.

गुंडाळीची दिशा

तंतू गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने राहतील अशा बेताने गुंडाळा. म्हणजे चकत्या कापताना सुरी तंतूंना आडवी जाते आणि घास मऊ लागतो. उलट गुंडाळलं तर कितीही सुबक बांधलं तरी चकती चावताना लांबलचक धागे तोंडात येतात. बांधून झाल्यावर ही चूक सुधारता येत नाही.

एकाच टोकाकडून सुरुवात

डावीकडून उजवीकडे ओळीने आवळत गेलं की मांस पुढे ढकललं जातं आणि शेवटचं टोक फुगतं. आधी मधोमध, मग दोन्ही टोकांपासून तीनेक सेंटिमीटर आत, आणि त्यानंतर मधल्या जागा भरायच्या. दोन वेढ्यांत अंतर तीन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन बोटं. शेपटीसारखं निमुळतं टोक असेल तर ते खाली दुमडून त्यावर वेढा घाला. त्याने बाकीच्या भागाएवढी जाडी मिळते.

अखंड दोऱ्याची घाई

एकाच दोऱ्याने साखळीसारखे वेढे घालत जाणं वेगवान दिसतं, म्हणून सगळ्यांना पहिल्याच दिवशी तेच करायचं असतं. तिथे एक बारीक भेद नेमका निसटतो. प्रत्येक वेढ्याला फास घालताना पदर नुसता खालून आला तर तो फास फक्त ताणावर टिकतो; दोरा एका जागी तुटला की सगळी रांग सैल पडते. टोक फासाच्या आतून काढलं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी खरी गाठ बसली, तर शेजारचे वेढे तग धरतात. हा फरक हाताला कळेपर्यंत सुटे वेढे घाला. दोन मिनिटं जास्त लागतील, पण एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

अखंड पद्धतीला दोरा किती लागेल याचा हिशेब: घेर गुणिले वेढे, अधिक लांबीच्या तिप्पट. ३५ सेंटिमीटर घेराच्या, ३० सेंटिमीटर लांब तुकड्याला ९ वेढे धरले तर चार मीटरच्या आसपास होतो. शेवटी अर्धा फूट कमी पडण्यासारखं दुसरं वैतागवाणं काही नाही, त्यामुळे पाच मीटर काढून ठेवा. सुट्या वेढ्यांना घेर अधिक ३० सेंटिमीटर पुरतो.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

ओलं मांस बांधू नका. किचन टॉवेलने टिपून घ्या, नाहीतर दोरा घसरतो आणि सालही नीट भाजत नाही.

दोरा आधी कापून ठेवा. कच्च्या मांसाचा हात रिळाला लागला की ते रीळ टाकून द्यावं लागतं.

आतल्या बाजूला मीठ गुंडाळण्याआधी लावा. नंतर ते तिथे पोचत नाही.

ग्रिलवर ठेवणार असाल तर दोरा १५ मिनिटं पाण्यात भिजवा. थेट ज्वाळेवर सुती दोरा तरीही जळतोच, म्हणून गाठी ज्वाळेच्या बाजूला येऊ देऊ नका.

टूथपिकवर भरवसा ठेवू नका. ती जाडी सारखी करत नाही आणि पानात तुटून राहते.

ओव्हनमध्ये असतानाच बिघडलं तर

एखादा वेढा सुटला तर जुना ओढत बसू नका. ट्रे बाहेर काढा, चिमट्याने तुकडा उचलून कोरडा नवा दोरा जुन्याच्या शेजारी सरकवा, वर सांगितलेली दुहेरी पिळाची (सर्जनची) गाठ मारा आणि नुसता टेकवा. गरम मांस आवळलं की फाटतं. सारण बाहेर येत असेल तर टोकाकडचा वेढा कापून मोकळा करा. बाहेर आलेलं सारण परत कोंबू नका, ते ट्रेमध्येच भाजू द्या.

दोरा सालीला चिकटला असेल तर वरच्या दिशेने उपटू नका. ट्रेमधला गरम रस चमच्याने त्यावर घाला, मिनिटभर थांबा, गाठीच्या विरुद्ध बाजूला कापा आणि गाठ धरून पृष्ठभागाला समांतर ओढा. हे सगळं रोस्ट ओव्हनबाहेर १५ ते २० मिनिटं विसावल्यानंतर. गरम असतानाच दोरे काढले की आकार पसरतो. सारण भरलेल्या रोलचे दोरे एकदम काढू नका. सुरी जिथे पोचेल तिथला एक काढा, तेवढ्या चकत्या कापा, मग पुढचा.

बांधताना किती वेढे घातले तो आकडा कागदावर लिहून ट्रेजवळ ठेवा आणि काढलेले तुकडे मोजा. आकडा जुळल्याशिवाय रोस्ट वाढू नका.