पुणे सोडण्याआधी पीआरचे पॉइंट्स नीट मोजून घ्या

"ताई, पीआरला किती पॉइंट्स लागतात?" पुण्याहून मेलबर्नला नव्याने आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. पीआर म्हणजे इथे कायमचं राहण्याचा व्हिसा. एका आकड्यात उत्तर द्यायचं तर ६५. पण या आकड्यावर विसंबून कोणी बेत आखू नयेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी मूळची कोथरूडची, आता बरीच वर्षं इथेच आहे. हुशारी आणि अनुभव भरपूर असूनही केवळ कागदांपायी अडकलेली इतकी माणसं पाहिली आहेत की यातलं निम्मं काम पुण्यातच उरकायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. जे अजून पुण्यात आहेत त्यांनी तर हे बॅगा भरण्याआधीच वाचावं.

ऑस्ट्रेलियात ६५ पॉइंट्स ही फक्त किमान पात्रता. २०१२ पासून इथे स्किलसिलेक्ट नावाची पद्धत आहे. तुम्ही आपली माहिती भरून ईओआय, म्हणजे इच्छापत्र, नोंदवता. त्याला फी नाही आणि ते दोन वर्षं चालतं. मग सरकार वेळोवेळी फेऱ्या काढतं आणि ज्यांचे पॉइंट्स जास्त त्यांना आधी बोलावणं पाठवतं. दोघांचे सारखे असतील तर जो त्या आकड्यावर आधी पोचला त्याचा नंबर आधी. शिवाय तुमचा व्यवसाय कोणता यावरही बरंच अवलंबून असतं. परिचारिका, शिक्षक, सुतार, प्लंबर यांना कमी पॉइंट्सवर बोलावणं येऊ शकतं, तर हिंजवडी-खराडीतून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांची रांगच इतकी मोठी की त्यांना ६५ वर बसून राहण्यात काही अर्थ नाही.

आता पॉइंट्स कसे मोजतात ते एका उदाहरणाने बघू. समजा एक मुलगा ३१ वर्षांचा आहे, पुण्यात कॉम्प्युटरमध्ये बीई केलं आणि बाविसाव्या वर्षी नोकरीला लागला. २५ ते ३२ या वयाला सर्वांत जास्त, म्हणजे ३० पॉइंट्स मिळतात. पदवीचे १५. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत किमान ८ आले तर २०, किमान ७ आले तर १०, आणि ६ वर शून्य. इथेच बरेच जण फसतात. ७ आले म्हणजे झालं असं समजून परत परीक्षा देत नाहीत. ७ वरून ८ वर गेलात तर दहा पॉइंट्स वाढतात. तेवढेच दहा अनुभवातून वाढवायला वर्षं खर्ची पडतात, तर इंग्रजीचा नीट अभ्यास काही महिन्यांत होतो. एका विभागात साडेसात आणि बाकी सगळीकडे साडेआठ असले तरी १०च मिळतात, सरासरी इथे कामाला येत नाही. बहुतेकांचं घोडं रायटिंगमध्ये अडतं, म्हणून तयारीचा मोठा वाटा तिथेच द्या.

अनुभवाचा हिशेब आणखी फसवा आहे. या मुलाची नोकरी नऊ वर्षांची. परदेशातल्या अनुभवाला ३ वर्षांपासून ५, ५ वर्षांपासून १० आणि ८ वर्षांपासून १५ पॉइंट्स आहेत. मग नऊ वर्षांचे १५, असं तो धरून चालतो. पण आयटीवाल्यांचं स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण आणि अनुभवाची तपासणी, एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) ही संस्था करते, आणि पदवी व काम एकाच क्षेत्रातलं असलं तरी ती सुरुवातीची दोन वर्षं सहसा कापते. त्या काळात तुम्ही "कुशल" झालात, असं ती मानते, आणि पॉइंट्स त्यानंतरच्या वर्षांनाच. उरली सात, म्हणजे १० पॉइंट्स. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला शिकून आयटीत शिरलेल्यांची, आणि असे पुण्यात घरटी एक सापडतील, यापेक्षा जास्त वर्षं जातात आणि प्रकल्पांचे अहवालही लिहून द्यावे लागतात.

या पाच पॉइंट्सचा फरक मी मुद्दाम ताणून सांगते आहे, कारण ईओआयमध्ये १५ टाकून बोलावणं मिळालं आणि नंतर १०च सिद्ध झाले तर अर्ज फेटाळला जातो. बोलावणं ज्या आकड्यावर आलं, तो आकडा कागदांनी सिद्ध व्हावाच लागतो. "किमान ६५ तर होतातच ना" हा युक्तिवाद तिथे चालत नाही, आणि भरलेली व्हिसा फी परत मिळत नाही. कागद खोटे निघाले तर तीन वर्षांची बंदी वेगळी.

कागदांमध्ये सर्वांत जास्त दमवणारा कागद म्हणजे रेफरन्स लेटर. पुण्यातल्या कंपन्यांचं एचआर जे देतं ते असं असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीला होते, पद सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. या पत्राचा इथे उपयोग नाही. असेसमेंट करणाऱ्या संस्थेला तुम्ही प्रत्यक्षात काय करत होतात ते हवं असतं. कंपनीच्या लेटरहेडवर नोकरीच्या तारखा, पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणत्या देशात, नेमकी कामं कोणती, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क. कंपनी "आमच्या धोरणात बसत नाही" म्हणाली तर तुमच्या त्या वेळच्या वरिष्ठाकडून किंवा सहकाऱ्याकडून नोटराइज्ड प्रतिज्ञापत्र घेता येतं. तो वरिष्ठ अजून पुण्यात आहे, चहाला भेटतो, तोवरच हे मागून घ्या. तीन वर्षांनी तो टोरांटोला गेलेला असतो आणि तुमच्या मेसेजला उत्तर द्यायला त्याला वेळ नसतो.

पगाराचा पुरावाही तेवढाच लागतो. प्रत्येक नोकरीचे फॉर्म १६, पगारपत्रकं, बँकेची स्टेटमेंटं आणि पीएफचं पासबुक हे सगळं डाउनलोड करून ठेवा. आणि भारतातलं सिमकार्ड बंद करू नका! आधार, पीएफ, इन्कम टॅक्स, बँक, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. इथे आल्यावर पैसे वाचवायला नंबर बंद केलेले लोक मग स्वतःच्याच पीएफचं पासबुक उघडू शकत नाहीत आणि नातेवाइकांना हेलपाटे घालायला लावतात.

विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचंही तसंच. गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला तुम्ही स्वतः पुण्यात असलात तर पाठपुरावा करता येतो. लांबून आई-वडिलांना रिक्षाने तिथे पाठवण्याची वेळ येऊ देऊ नका.

विवाहित बायकांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली. इथल्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. विवाह नोंदणीचा दाखला महापालिकेतून काढलेला हवाच, आणि नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर तेही जवळ ठेवा. सगळ्या कागदांवर एकच नाव आणणं शक्य नसतं, पण एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंतचा दुवा दाखवता आला पाहिजे.

हे सांगताना जोडीदाराचा विषय येतोच. तुम्ही अविवाहित असाल तर १० पॉइंट्स मिळतात. जोडीदाराचं वय ४५च्या आत, इंग्रजी किमान ६ आणि स्वतःचं स्किल असेसमेंट झालेलं असेल तरीही १०. फक्त इंग्रजी असेल तर ५. दोघंही शिकलेली असताना एकाचंच असेसमेंट करून थांबणारी जोडपी पाहिली की मला फार वाईट वाटतं. आणि अर्ज नवऱ्याच्याच नावावर का करायचा? दोघांचे पॉइंट्स वेगवेगळे मोजा, बायकोचे जास्त असतील किंवा तिच्या व्यवसायाला मागणी असेल तर मुख्य अर्जदार तिला करा. नर्सिंग किंवा शिक्षिकेची पदवी असलेली बाई डिपेंडंट म्हणून येते आणि आयटीतला नवरा वर्षानुवर्षं फेऱ्यांची वाट बघत बसतो, हे टाळता येण्यासारखं आहे.

मराठीचेही ५ पॉइंट्स मिळतात हे अनेकांना माहीतच नसतं. नाटी (NAATI) या ऑस्ट्रेलियातल्या भाषांतरकार-दुभाष्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची सीसीएल ही दुभाषी पद्धतीची परीक्षा मराठीतून देता येते. दोन संवाद असतात, प्रत्येक सुमारे ३०० शब्दांचा. एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि तुम्ही मधे. एकूण ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. मराठी घरची आहे म्हणून तयारीशिवाय जाऊ नका. एका दमात ३५ शब्दांपर्यंत ऐकायचं, त्यात औषधाचं प्रमाण, तारीख, भाड्याची रक्कम असे तपशील, आणि ते गाळता न येता दुसऱ्या भाषेत बोलायचं, याला सराव लागतो. कागदावर भराभर नोंदी करायची सवय लावून घ्या.

या सगळ्यानंतरही आकडा कमी पडत असेल तर राज्यांकडे बघा. सबक्लास १९० या व्हिसाच्या प्रकारात राज्याने नामांकन दिलं की ५ पॉइंट्स वाढतात आणि थेट पीआर मिळते. सबक्लास ४९१ मध्ये १५ वाढतात, पण तो व्हिसा पाच वर्षांचा तात्पुरता आणि रिजनल भागात राहून काम करण्याची अट. तीन वर्षं तसं राहिलात की सबक्लास १९१ मधून पीआरचा अर्ज करता येतो. रिजनल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ओसाड माळरान येतं. प्रत्यक्षात फक्त सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन शहरंच त्यातून वगळली आहेत. ॲडलेड, पर्थ, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट हे सगळं रिजनल. मेलबर्नहून ट्रेनने तासाभरावरचं जिलाँगसुद्धा. माझं मत विचाराल तर चाळिशीकडे झुकलेल्यांनी ४९१ ला नाकं मुरडू नयेत. वयाचे पॉइंट्स ३३ व्या वाढदिवसाला ३० वरून २५ वर, ४० व्याला १५ वर येतात, आणि ४५ पूर्ण झाली की दारच बंद. बोलावणं येतं त्या दिवशीचं वय धरतात, ईओआय नोंदवलेल्या दिवशीचं नाही.

कॅनडाला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथली पीआरसाठीची एक्सप्रेस एंट्री ही पद्धत २०१५ पासून आहे आणि गुण १२०० पैकी. वय २९ पर्यंत पूर्ण गुण, मग दर वाढदिवसाला पाच-सहा कमी होत जातात आणि चाळिशीनंतर आणखी झपाट्याने. आयईएलटीएस जनरलमध्ये लिसनिंग ८ आणि बाकी तीन विभागांत ७ आले की भाषेचे गुण वाढतातच, शिवाय पदवी आणि परदेशातला अनुभव यांना भाषेशी जोडून मिळणारे गुणही एकदम वर जातात. नोकरीची ऑफर असल्याचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, तेव्हा "ऑफर लेटर मिळवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा फ्रेंच शिका. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि जादा गुणही आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अलियाँस फ्राँसेझ आहे, याहून चांगली सोय कुठे मिळणार! फक्त डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेचं प्रमाणपत्र इमिग्रेशनला चालत नाही, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा द्यावी लागते.

एजंट घ्यायचाच तर ऑस्ट्रेलियासाठी त्याचा एमएआरए (मायग्रेशन एजंटांची सरकारी नोंदणी) क्रमांक मागा आणि तो सरकारी यादीत स्वतः तपासा. पीआरची हमी देणाऱ्याकडून लगेच उठून यावं. ईओआय त्याने भरला तरी लॉगिन तुमच्याकडे असू द्या आणि प्रत्येक आकडा स्वतः वाचा, कारण चूक त्याची असली तरी अर्ज तुमचा फेटाळला जातो.

बोलावणं आलं की अर्जाला ६० दिवस मिळतात. इंग्रजीचा निकाल आणि असेसमेंट त्याआधीच हातात हवं. पोलीस क्लिअरन्स मात्र फार आधी काढून ठेवू नका, साधारण वर्षभरच धरतात. पुण्यात त्यासाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जावं लागतं. आणि कंपनीने ऑनसाइट, म्हणजे परदेशात कामाला, पाठवलेलं असेल तर गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे एकूण बारा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला लागतो, तेव्हा जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के बघून त्या तारखांची यादी आजच करून ठेवा.