'मी बघतो' म्हणू नका

नवी मुंबईत दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीत कुणीतरी कागद पुढे करतं आणि नवा कार्यकर्ता म्हणून जातो, 'ठेवा, मी बघतो.' बहुतेक जण इथेच फसतात.

'बघतो'ला तारीख नसते. समोरच्याच्या लेखी काम तुमच्याकडे गेलं, तुमच्या लेखी तुम्ही नुसता धीर दिलात. दोन आठवड्यांनी रात्री साडेदहाला फोन येतो, 'ताई, काय झालं त्याचं?' असे तीस 'बघतो' साठले की फोन वाजताच छातीत धस्स होतं. मग वस्तीचा रस्ता टाळला जातो आणि एक दिवस तोंडातून निघतं, 'या लोकांना कळतच नाही.' हे वाक्य निघालं, की त्याच दिवशी नवं काम घेणं थांबवा.

त्याऐवजी असं सांगा, 'बुधवारी अकराला आधार आणि लाइटबिल घेऊन या, मी सोबत असेन.' पहिल्या खेपेला खिडकीशी तुम्ही बोला, त्यांना शेजारी उभं करा. दुसऱ्या खेपेला ते बोलतील, तुम्ही मागे. तिसऱ्यांदा शेजारणीला घेऊन ते स्वतः जातील. मूळ कागद तुमच्या पिशवीत कधीही नकोत.

कुठलं काम कुठे, हे पहिल्याच आठवड्यात पाठ करा. पाणी-गटार महापालिकेच्या विभाग कार्यालयात. उत्पन्नाचा दाखला मात्र दिघ्याच्या माणसालाही ठाण्याच्या तहसीलदाराकडून मिळतो. रेशनकार्ड तहसीलला नाही, शिधावाटप कार्यालयात. खेप फुकट गेली की त्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो आणि तिच्यासमोर तुम्हाला मान वर करवत नाही.

वहीत चार रकाने पाडा : नाव, काय हवंय, कोण करणार, पुढची तारीख. नोकरी सांभाळून करत असाल तर उघडी कामं सहाच ठेवा. सातव्याला तोंडावर सांगा, 'एक मिटलं की तुमचं घेते.' वाईट वाटेल, पण वस्ती तेवढ्याने तुम्हाला टाकत नाही, खरंच नाही. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि तो पोचल्यापासून उत्तराला 30 दिवस असतात. एकतिसावा दिवस वहीत लिहा आणि तोवर डोक्यातून काढा. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

नगरसेवकाच्या ओळखीने फोन लावू नका. ते काम होतं, पण पुढच्या दहा जणांना तुम्ही नको असता, तो फोन हवा असतो. आणि 'आम्ही रात्रंदिवस राबलो' म्हणणाऱ्या ज्येष्ठांकडून कायदा शिका, दिनक्रम शिकू नका.

झोप उडाली, जेवण जाईना, तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वस्तीसाठी वेगळं सिम घ्या आणि रात्री आठला बंद करा. नंबर देताना त्याच चिठ्ठीवर खाली ठळक लिहा : रात्री मारहाण, आग, अपघात असेल तर 112, लहान मुलाचं काही असेल तर 1098.