मायनस तापमानात शार्पी टेस्ट करताय? या चुका टाळा

शार्पी म्हणजे मधे खाच (नॉच) पाडलेला धातूचा छोटा तुकडा लोलकासारख्या हातोड्याच्या एका फटक्यात तोडायचा आणि त्याला किती जूल ऊर्जा लागली ते बघायचं. बडोद्यात प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणारी भांडी), टाक्या, वॉल्व्ह असली कामं भरपूर, त्यामुळे मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीच्या बाजूला मायनस ४६ अंश सेल्सियसला नाहीतर मायनस १९६ ला शार्पी करून द्या म्हणून सॅम्पल सतत येत असतात, आणि रिझल्ट वेडावाकडा आला की सगळे आधी प्लेटला नाहीतर वेल्डरला धरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याआधी सॅम्पल तुटलं त्या क्षणी ते खरंच किती गार होतं ते बघा.

सगळ्यात मोठा घोळ सॅम्पल बाथमधून (गार करायच्या द्रवाच्या भांड्यातून) काढून अँव्हिलवर, म्हणजे मशीनच्या ज्या आधारावर ते तोडतात त्यावर, ठेवण्यात होतो. टेस्टचं स्टँडर्ड एएसटीएम ई२३ असो की आयएसओ १४८, काढल्यापासून तोडेपर्यंत फक्त ५ सेकंद मिळतात. तेवढ्यात चिमटा जर टेबलावर पडलेला, खोलीच्या तापमानाचा असेल आणि तो नॉचच्या जवळ धरला, तर नेमकी तीच जागा गरम होते. कार्बन स्टील ट्रान्झिशनच्या पट्ट्यात, म्हणजे चिवटपणा जाऊन ठिसूळ व्हायला लागतं त्या तापमानांत, असेल तर थोड्याशा डिग्रीत जूल कुठल्या कुठे जातात. म्हणून चिमटा सॅम्पलसोबतच बाथमध्ये ठेवायचा, आणि उशीर झाला तर उगाच हातोडा सोडू नका, सॅम्पल परत बाथमध्ये टाका आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजा.

वेळ मोजण्यातही गंमत होते. द्रवात किमान ५ मिनिटं, गॅस चेंबरमध्ये ३० मिनिटं, पण ती बाथ पुन्हा सेट तापमानाला आल्यापासून मोजायची, सॅम्पल टाकल्यापासून नाही. लिक्विड नायट्रोजनमध्ये तर कानाने कळतं, आधी सॅम्पलभोवती वाफेचा थर असतो म्हणून उकळी मंद वाटते, मग एकदम जोरात खळखळतं आणि नंतर शांत होतं. शांत झाल्यावर टायमर लावा. सॅम्पल तळाला टेकवू नका, जाळीवर ठेवा, वर-खाली २५ मिमी द्रव हवाच.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, कुठलं लावलंय तेही बघा. साधा के टाइप बहुतेक ठिकाणी असतो, पण त्याच्या क्लास १ आणि २ ची अचूकतेची हमी मायनस ४० च्या खाली नसते आणि मायनस १९६ ला त्याचा सिग्नलही बराच कमी होतो. टी टाइप थर्मोकपल किंवा पीटी१०० (प्लॅटिनमचा सेन्सर) घ्या, आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेटमध्ये तुमचं टेस्टचं तापमान आहे ना ते वाचा, नुसता स्टिकर बघून पुढे जाऊ नका.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतकी ओल असते की अँव्हिलवर पांढरं दव गोठतं, त्यावर सॅम्पल नीट बसत नाही, नॉच मधोमध येत नाही. प्रत्येक फटक्यानंतर कोरड्या कापडाने पुसा. अल्कोहोलचा बाथही ओल ओढतो आणि जुना झाला की त्यात बर्फाचा लगदा दिसायला लागतो, तेव्हा तो सरळ बदला.

नॉचची त्रिज्या ०.२५ मिमी आहे का ते प्रोफाइल प्रोजेक्टरवर (आकार मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा, नॉच पाडायचं हत्यार, म्हणजे ब्रोच, बोथट झालं की जूल जास्त दिसतात आणि वाईट प्लेटसुद्धा पास होऊन जाते. वेल्डमध्ये एचएझेडची (वेल्डच्या उष्णतेने बदललेल्या शेजारच्या पट्ट्याची) नॉच अंदाजाने मारू नका, आधी ॲसिडने एच (etch) करून रेषा बघा.

३०४एल सारखं स्टेनलेस मायनस १९६ लाही कार्बन स्टीलसारखं ठिसूळ होत नाही. तिथे लॅटरल एक्सपान्शन, म्हणजे तुटताना सॅम्पल बाजूला किती फुगलं ते, मागतात, एएसएमई या प्रेशर व्हेसलच्या कोडमध्ये किमान ०.३८ मिमी. तुटलेल्या तुकड्यांची बर (कडेची खरखरीत धार) काढताना बाजूला फुगलेला भाग घासला गेला तर मोजमाप गेलंच, म्हणून ते तुकडे घाईत डब्यात फेकायचे नाहीत.

तीनपैकी एक सॅम्पल वेगळं आलं तर तुटलेला चेहरा बघा. दोघांचा चमकदार, दाणेदार आणि एकाचा मळकट, तंतुमय असेल तर ते एक गरम झालं होतं का ते आधी तपासा.

आणि मे महिन्यात एसी चालावा म्हणून खोली बंद करून नायट्रोजन ओतू नका. एका लिटरचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेला कळत पण नाही. ऑक्सिजन मीटर लावा, ड्युअरचं, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या थर्मासारख्या भांड्याचं, तोंड घट्ट बंद करू नका, आणि लिफ्टमधून न्यायचा असेल तर ड्युअर एकटाच पाठवा, माणसाने जिन्याने जायचं.