इंदूर–पुणे विमानाने किती लांब? हिशेब घरबसल्या करा

आमच्या इंदूरच्या रामबागेत लग्नसराई आली की पुण्याच्या पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न : "विमानाने किती वेळ लागतो रे?" एक काका सांगतात सव्वा तास, दुसरे सांगतात पाच तास. खोटं कुणीच बोलत नाही, दोघे मोजतात वेगवेगळं.

आधी हवाई अंतर काढा. मोबाइलवर गूगल मॅप्समध्ये इंदूरच्या विमानतळावर बोट दाबून धरा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि नकाशा पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत सरकवा. आकडा 500 किमीच्या आसपास येईल. ताळा करायचा? इंदूरचा अक्षांश 22.7, लोहगावचा 18.6. फरक 4.1 अंश, अंशाला 111 किमी, म्हणजे 455. रेखांशाचा फरक 1.9 अंश, आपल्या पट्ट्यात तो अंश 104 किमीचाच भरतो, म्हणजे 198. आता पायथागोरस लावा : 496. दहावीची भूमिती एकदाची कामी आली!

रस्त्याचं अंतर यात मिसळू नका. खलघाटला नर्मदा ओलांडून, सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरून धुळ्यामार्गे गेलं, की तेच सहाशेच्या घरात जातं. रेल्वे तर रतलाम, बडोदा, वसई असा गुजरातचा वळसा घालते. मनमाड–इंदूर मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली आहे. गाडी धावेल तेव्हा खरं.

मग वेळ. जेट विमान ताशी 800 किमीने जातं असं धरलं तर 500 किमीला अडतीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास दिसतं, कारण ती वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथे उभं राहीपर्यंतची. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यासाठी सरसकट अर्धा तास मिळवा. पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर वेग ताशी 500 धरा. दीड तास होतो.

तिकीट काढताना 'थेट' आहे का ते बघाच. माझ्या मावसभावाने स्वस्त म्हणून दिल्लीमार्गे काढलं होतं. म्हणजे आधी साडेसहाशे किमी उलट्या दिशेला, मग साडेअकराशे किमी खाली! दुपारच्या जेवणाला निघालेला माणूस रात्री खिचडीला पोचला.

शेवटी दारापासून दारापर्यंतची बेरीज, म्हणजे त्या दुसऱ्या काकांचा आकडा. रामबाग ते विमानतळ अर्धा तास, उड्डाणाआधी दीड तास, विमान सव्वा तास, सामान हातात येईपर्यंत अर्धा तास, लोहगाव ते कोथरूड एक तास. झाले पावणेपाच. कोथरूडला संध्याकाळी पोचत असाल तर आणखी अर्धा तास धरा.